बघा, पण हात मागे

आमच्या शेजारचे दाऊदभाई लिफ्टचं बटणसुद्धा स्वतः दाबत नाहीत. हात पाठीमागे बांधून, दुसरा कोणी येईपर्यंत बटणाकडे आदराने बघत उभे राहतात.

मूळचे रत्नागिरीचे. इथे शारजात, रोल्ला भागात एकटेच राहतात आणि अकरा वर्षं एका छोट्या संग्रहालयात राखणदार आहेत. तिथे बायझंटाईन काळातल्या, म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीच्या रोमी ख्रिस्ती राजांच्या जमान्यातल्या वस्तू आहेत. दिवसभर लोकांना "बघा, पण हात मागे!" सांगून सांगून ते त्यांच्या अंगातच भिनलंय. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी केकसमोर जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि पोरांना तिच्या मागे उभं केलं.

"अंकल, इट्स जस्ट अ केक!" मुलगी रडकुंडीला आली.

"आज केक आहे बेटा, उद्या इतिहास होईल," दाऊदभाई म्हणाले.

मग साताऱ्याहून आई दोन महिन्यांसाठी आली. काचबिंदूने तिची नजर पार गेलीय. संग्रहालयातल्या रंगीत दगडांच्या तुकड्यांनी जडवलेल्या दोन मोरांचं वर्णन दाऊदभाईंनी तिला इतक्यांदा ऐकवलं, की तिने हट्टच धरला, "एकदा हात लावून बघू दे की रे." मी दाऊदभाईंना गळ घातली.

"वो नहीं होगा, भाऊ. रूल म्हणजे रूल. खलास!"

मी चिडलो. म्हातारीच्या बोटांनी तुमचे मोर उडून जाणार आहेत का, असंही बोलून गेलो. त्यानंतर ते दिसेनासेच झाले.

आई परत जायच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी कोपराने दार ठोकलं. उघडतो तो दाऊदभाई, दोन्ही हातांत भलीमोठी जड फळी. फरशांचे तुकडे कापून, चिकटवून त्यांनी मोरांची अख्खी जोडी केली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्यांनी फळी आईपुढे टेबलावर ठेवली. आईने सावकाश बोटं फिरवली. चोच, मान, पिसारा. मग ती थबकली. "याला डोळा नाही रे."

"तिथेपण नाय, मावशी. दगड पडलाय. आहे तसाच दाखवला."

"तुझ्या आईने पाहिले का हे मोर?"

"नाय. तिचीपण नजर गेलेली. मी फोनवर मोर सांगायचो, ती हूं हूं करायची. असं बनवून न्यायचं तेव्हा सुचलंच नाय. आता अम्मा नाय."

बोलताना त्यांचे हात सवयीने पाठीमागे गेले होते. आईने चाचपडत ते पुढे ओढले. बोटाबोटाला चिरा पडल्या होत्या, दोन बोटांना पट्ट्या होत्या. आई एकेका बोटावरून हात फिरवत राहिली.