जनूदादाची कंपनी

आमचा शेजारी जनूदादा खुर्चीत बसून शेअरचा भाव कधी बघत नाही. बसून बघितला की पडतो, असा त्याचा अनुभव. त्यामुळे बाजार उघडला की मोबाईल नाकासमोर धरून हा गृहस्थ अंगणात येरझाऱ्या घालतो. कोंबड्यासुद्धा आता त्याला वाट देतात. शेअर सगळे एकाच कंपनीचे. गोदामातली पार्सलं आपोआप निवडून लावणारी यंत्रं ती बनवते.

त्या कंपनीवर त्याचा एवढा जीव का, हे आमच्या राहनाळ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची मुलगी मनीषा तिथेच, बंगळुरूच्या ऑफिसात इंजिनियर आहे. जमत आलेलं लग्न मोडून ती निघाली, तेव्हा दादा ओरडला होता, "जायाचं तं जा, मंग मना फोन करू नको!" बापाचं तिनं आयुष्यात एवढं एकच ऐकलं. तेव्हापासून लेकीची खुशाली त्याला शेअरच्या भावातून कळते. भाव वर, म्हणजे पोरगी मजेत. भाव खाली आला की वहिनींची डाळ खारट लागते.

त्या कंपनीचं एक गोदाम आमच्याच रस्त्याला आहे. दादा गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत किती ट्रक बाहेर पडले ते बघतो आणि मला येऊन सांगतो, "आतली खबर हाय." गेल्या महिन्यात ट्रकांची रांग पार कशेळीच्या दिशेने लागली. दादा स्कूटरवरूनच ओरडत आला, "माल सुटलाय, माल! आता भाव थांबत न्हाय!" पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला आणि थोडे शेअर घेतले.

दोन दिवसांनी बातमी आली. माल विकायला चालला नव्हता, गोदामच रिकामं होत होतं. यंत्राची रचना आपल्याकडून चोरली, असा दुसऱ्या एका कंपनीने दावा लावला होता. कोर्टाने विक्री थांबवली आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर काढून घेतली. भाव दणकन आपटला. दादाच्या येरझाऱ्या अंगणात मावेनात, तो रस्त्यावर आला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. मुकाट्याने शेअर विकून मोकळा झालो.

संध्याकाळी तो माझ्या दारात उभा.

"तू पण विकलेस?"

"विकले. तूही विकून टाक."

"मी आज अजून घेतले."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सगळेच काढता पाय घेतायत रं," तो उंबऱ्याच्या आतबाहेर करत म्हणाला. "कोनतरी घेतंय असा दिसला तं कंपनी टिकंल. पोर हाय ना आत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "तिला फोन कर," मी म्हणालो.

"मीच नको बोल्लोय ना. आता कुठल्या तोंडानं करू?"

मग मीच लावला, स्पीकरवर. मनीषाचा आवाज बारीक झाला होता.

"काका, आमच्याकडे माणसं कमी करतायत. माझं काय ते उद्या कळेल. पण बाबांना सांगू नका हं, ते उगाच जिवाला लावून घेतील."

दादाने माझ्या हातातून फोन घेतला.

"मनू," तो म्हणाला, "भिऊ नको गं. मी विकले न्हाय."