सिद्धाप्पाचा पेनड्राइव्ह

त्या संध्याकाळी महिपतीने एकच गोष्ट ठरवली होती: आज सिद्धाप्पाला लवकर घरी जाऊ द्यायचं नाही. बायको वैजयंतीला जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी अंकिता बेंगळुरूला नोकरीत, आणि जुळे सोलापूर भागातल्या त्या फ्लॅटमध्ये कुकरशिवाय आवाज करणारं कुणी उरलं नव्हतं. (तोही शिट्ट्या संपल्या की गप्प.)

शेजारचा सिद्धाप्पा चहा संपवून उठला.

"बसा की! घाई काय हाय?"

"पुतण्यानं यात्रेचं शूटिंग दिलंय पेनड्राइव्हमधी. बघावं म्हणतो."

"मग माझ्या कॉम्प्युटरवर बघू की!"

परक्याचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नका, असं अंकिताने बजावलं होतं. पण सिद्धाप्पा कुठं परका होता? अँटिव्हायरस बिचारा महिनाभर 'अपडेट करा' म्हणून विनवत होता, त्याला महिपती रोज फुली मारून गप्प करायचा. यात्रेच्या फोल्डरवर त्याने खटाखट क्लिक केलं. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज दिसले नाहीत, काळी चौकट तेवढी लुकलुकून गेली. सिद्धाप्पा कंटाळून निघून गेला.

महिपती ताट घेऊन बसला. कॉम्प्युटरला त्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह कायम खोचलेला असे. त्यात वैजयंतीचा एक व्हिडिओ होता. ती शेंगाचटणी कुटतेय आणि शूटिंग करणाऱ्या महिपतीला झाडतेय. जेवताना तो ते बोलणं ऐकायचा. आज त्या व्हिडिओच्या फोल्डरवर बारकासा बाण उमटला होता, आणि क्लिक करूनही काहीच उघडेना.

घास तसाच ठेवून त्याने फोन लावला. "अंकिता, तुझी आई गेली गं!"

"बाबा, काय बोलताय? आई तर..."

"कॉम्प्युटरातनं गेली!"

मग सुरू झाली ती शस्त्रक्रिया.

"हिडन आयटम्सवर टिक करा."

"मी काय लपवलेलं न्हाय."

"व्हायरसने लपवलंय, बाबा!"

टिक केल्यावर पुसट रंगात फोल्डर दिसला. व्हिडिओ शाबूत होता. वैजयंती म्हणाली, "फोन ठेवा तो, मिरच्या निवडा." मग अंकिताने अपडेट करायला लावलं, स्कॅन करायला लावलं, पेनड्राइव्ह आपोआप उघडणं बंद करायला लावलं. मधल्या वेळात काय जेवलात, गुडघा कसाय, सगळं विचारून झालं. एवढं ती वर्षभरात बोलली नव्हती.

"आता काही होणार नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरंच काही होईना. आठवडाभर फोनही आला नाही. शेवटी महिपती सिद्धाप्पाच्या दारात उभा राहिला. "तो व्हायरसवाला पेनड्राइव्ह द्या की जरा."

सिद्धाप्पा ओशाळला. "दुकानातनं साफ करून आणला, म्हाराज. तुमाला लई तरास झाला म्हणून."

महिपतीने तरी तो स्कॅन केला. धोका नाही. त्याने जड मनाने फोन लावला.

"व्हायरस न्हाय सापडला."

"मग फोन कशाला केला, बाबा?"

"हेच सांगायला."

पलीकडे ती हसली, मग हसायची थांबली. "रविवारी मी करते. व्हायरस नसला तरी."

रविवारी तिने खरोखरच फोन केला. तेव्हा महिपती सिद्धाप्पाच्या घरी, पेनड्राइव्ह स्कॅन कसा करायचा यावर रंगात येऊन व्याख्यान देत होता, आणि फोन घरी चार्जिंगला. परत येऊन बघतो तर अंकिताचा मेसेज: 'बाबा, उचलत का नाही? आता मोबाइलमध्ये काय घातलंत?'