उजेड दिसता

दत्ताराम परब कुणाच्या घरी गेला की आधी दार लावून घेतो. पाणी विचारा, चहा विचारा, त्याचं लक्ष नसतं. बंद दारासमोर उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि चौकटीला कुठे फट राहिली आहे का ते बघतो. मग मान हलवून आपल्या मालवणीत म्हणतो, "उजेड दिसता." म्हणजे दार नापास.

हे खूळ त्याला उमेदवारीत लागलं. परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात आम्ही दोघं एकाच दिवशी उमेदवार म्हणून चिकटलो. सुरुवातीला काम एकच, लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा कानशीने घासून चौकोनी करायचा. मिस्त्री त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून तो खिडकीकडे धरत. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा भंगारात. माझे ठोकळे नेमाने भंगारात गेले. दत्तूचा ठोकळा मिस्त्रींनी आपल्या टेबलावर ठेवून घेतला आणि येईल त्याला दाखवत बसले. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

संध्याकाळी तो दादरला इंजिनिअरिंगच्या वर्गाला जाई. मीही जाई. तो फळ्याकडे बघे आणि मी घड्याळाकडे. तो फिटर झाला, मग मीही झालो, पण पेढे आधी त्याचे वाटले गेले आणि माझ्या पेढ्यांच्या वेळी लोक म्हणाले, "अरे, पुन्हा?"

बरं, हा माणूस वर्कशॉपात राहील तर ना! लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीतच राहायचा, गाववाल्यांच्या बिऱ्हाडात. चाळीतली सगळी दारं त्याने घासून बसवली. पिठाच्या डब्यांची झाकणं बसवली. समोरच्या तावड्यांनी लग्नाचा फोटो दाखवला, तर नवराबायकोच्या मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "उजेड दिसता." तावडेवहिनी हसल्या. मी असं बोललो असतो तर फोटो डोक्यात घातला असता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका सभेत वक्ते गरजले, "मुंबई महाराष्ट्रापासून तोडणारा अजून जन्माला यायचाय!" दत्तू माझ्या कानाशी पुटपुटला, "जोड घट्ट होयो," म्हणजे घट्ट हवा. पलीकडच्या म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि खूश होऊन त्याची पाठ थोपटली. घोषणा देऊन देऊन घसा माझा बसला होता, हो!

आणि आमची आई. मला हाक मारताना "मेल्या", त्याला मात्र "दत्ताराम". "शीक जरा त्याच्याकडून," हे वाक्य मी आमटीबरोबर रोज गिळत असे.

समाधान एकाच गोष्टीचं होतं. आमची आणि त्याची खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत. त्यातली एक फळी आकसून बोटभर फट पडली होती. आई कितीदा म्हणाली, "दत्ताराम, तेवढी फट बुजव रे. झुरळं येतात." तो म्हणायचा, "बघूया काकी." जगाची दारं लावणाऱ्याला स्वतःची भिंत दिसत नव्हती. आलेल्या पाहुण्याला मी ती फट आवर्जून दाखवायचो.

अशात चार्जमनची, म्हणजे फिटरांवरच्या मुकादमाची, जागा निघाली. इंजिनिअर होण्याची खरी पायरी तीच. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं, विचारलं अर्थातच दत्तूला. अट एक: गिरणीच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचं, म्हणजे यंत्र अडलं की माणूस हाताशी. दोन खोल्या, स्वतःची मोरी. आणि दत्तू म्हणाला, "विचार करून सांगतो." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, तो नाही म्हणाला तर जागा तुझी.

नवस बोलायचा तेवढा मी बाकी ठेवला. शेवटी राहवेना, म्हणून संध्याकाळी त्याच्या मनाचा ठाव घ्यायला त्याच्या दारात गेलो. गाववाले पाळीवर गेले होते. दत्तू फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. समोर खानावळीचा डबा, झाकण तसंच. मला वाटलं, जेवण आवडलं नसेल. तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला, "मध्या, मेल्या, कुठे उलथलास? जेवायला ये! आमटी निवतेय!"

दत्तूने डब्याचं झाकण काढलं आणि जेवायला सुरुवात केली.

दुसऱ्या घासाला त्याला मी दिसलो. कानापर्यंत लाल झाला. भात चिवडू लागला. मग म्हणाला, "थंय क्वार्टरात भिंत विटांची असा रे."

गावाकडे त्याचं कुणी उरलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. मी परत आलो. गप्प बसलो असतो तर चार्जमनकी माझीच होती. पानावर बसलो. या माणसाचं मी इतकी वर्षं काय काय हेरलं होतं, आणि हा हेवा कशाचा करत होता, तर मला पडणाऱ्या शिव्यांचा!

मी आईला सगळं सांगितलं.

आई पदराला हात पुसत तडक त्याच्या दारात. "दत्ताराम, मुकाट्याने क्वार्टर घे. आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. खानावळीचं तोंड बघितलंस तर याद राख!"

अशी चार्जमनकी गेली.

क्वार्टरमध्ये सामान टाकून पहिल्या संध्याकाळी दत्तू आमच्याकडे आला तो लाकडाची पट्टी आणि कानस घेऊनच. आमच्या बाजूने बसून त्याने ती फट बुजवली. घासून, पुन्हा घासून. मला पलीकडे कंदील धरून उभं केलं आणि स्वतः एक डोळा मिटून बघत राहिला.

"दिसतोय का रे उजेड?" आईने चुलीपासून विचारलं.

"नाय काकी."

मी कंदील घेऊन परत आलो, तर तो कानस पुसत होता. पानं मांडून झाली होती. आई ओरडली, "मेल्या, किती वेळ? ऊठ, जेवायला चल!"

सवयीने मी पुढे झालो. ती दत्तूला म्हणत होती.