सटक्लिफ सरांचे सेहेचाळीस किलोवॅट

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चढावरच्या घरातला, खोल्या तापवणारा जुना बॉयलर नोव्हेंबरात कायमचा गार झाला, तेव्हा बर्नार्ड सटक्लिफ सरांना मनातून बरंच वाटलं. भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. नवा बॉयलर केवढा घ्यायचा, हा प्रश्न मात्र शुद्ध मोजमापाचा होता.

बॉयलर बसवायला आलेली लोरेन त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने खोल्या मोजल्या, खिडक्या पाहिल्या, माळ्यावर डोकावली आणि म्हणाली, "सर, चोवीस किलोवॅटचा पुरे."

"एवढ्यात ठरलंसुद्धा?"

"वीस वर्षं हेच करतेय, सर."

सरांना तिची नकाशाची वही आठवली. तिच्यात थेम्स नदी पूर्वेऐवजी पश्चिमेला, आयर्लंडच्या बाजूला समुद्राला मिळाली होती. त्यांनी स्वतःच टेप काढली.

दोन दिवस मोजणी चालली. टेपचं दुसरं टोक धरून बायको, एनिड, घरभर फिरली.

"बर्नार्ड, ही भिंत काल मोजली की आपण."

"काल त्या बाजूने मोजली. आज या बाजूने."

उत्तर आलं सेहेचाळीस.

"एवढ्यात एखादं छोटं हॉटेल तापेल," लोरेन म्हणाली.

"मग आम्हीही तापू."

लोरेनने निवड त्यांची असल्याचं लिहून घेतलं आणि कामाला लागली. बॉयलर कपाटात मावेना, म्हणून कपाट निघालं आणि त्यातल्या बशा न्हाणीघरात गेल्या. गॅसची नळी बारीक पडली, म्हणून बोळातली जमीन उखडली. शेवटी तो पेटला. दोन मिनिटं धडधडला, नळ्यांतलं पाणी उकळीला आलं आणि तो गप्प झाला. खोल्या होत्या तशाच गार. थोड्या वेळाने पुन्हा धडधड, पुन्हा गप्प. दिवसभर तेच.

"नवा आहे, रुळेल," सर म्हणाले. एनिडने दुसरा स्वेटर चढवला.

नाताळच्या दुपारी मेहुणी म्युरिएल सहकुटुंब जेवायला बसली, आणि नेमका तेव्हाच बॉयलर लाल दिवा लावून बसला. पाहुण्यांनी टर्की कोट घालून खाल्ली. लोरेन स्वतःच्या ताटावरून उठून आली, बॉयलर चालू केला आणि म्हणाली, "सर, तुमची आकडेमोड जरा दाखवता?"

कागद तिने शांतपणे वाचला. "ही स्वयंपाकघराची भिंत. तिच्या पलीकडे काय?"

"ही जेवणाची खोली."

"इथे बर्फ पडतो?"

"आज पडेल असं वाटलं होतं," म्युरिएल म्हणाली.

"सर, तुम्ही प्रत्येक खोलीच्या चारही भिंती बाहेरच्या धरल्यात. शेजाऱ्यांना लागून असलेलीसुद्धा. या हिशेबाने तुमच्या आठ खोल्या आठ वेगवेगळ्या टेकड्यांवर उभ्या आहेत."

एनिड चहाची किटली उचलून आत गेली. किटली भरलेलीच होती. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा कागद पाहिला, आणि पुन्हा चष्मा पुसला.

जानेवारीत चोवीसचा बसला. घर मुकाट्याने उबदार झालं. जाताना लोरेनने तो कागद मागितला. ती तंत्रशाळेत बॉयलरचं काम शिकवायची. "त्यापेक्षा तुम्हीच या ना, सर. समजावून सांगणं तुमचं चांगलं."

सर गेले. फळ्यावर आठ टेकड्या काढल्या, प्रत्येकीवर एक खोली. पुढच्या बाकावरच्या, पन्नाशीतल्या एका माजी बसचालक बाईंनी विचारलं, "हा शहाणा कोण?"

'आमचे एक शेजारी' असं सरांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दारात हाताची घडी घालून उभी असलेली लोरेन त्यांना दिसली.

"मी," ते म्हणाले.

वर्ग खो खो हसला. हसू ओसरल्यावर बाईंनी वहीचं नवं पान उघडलं. "चूक नेमकी कुठे झाली, ते पुन्हा एकदा सांगता का, सर? लिहून घेते."

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना 'पुन्हा सांगा' असं कोणीही म्हटलं नव्हतं. सरांनी फळा पुसला आणि पहिल्या टेकडीपासून सुरुवात केली.