जीभ वर करा

आमच्या शिवाप्पांच्या किराणा दुकानात साखर मागितली की आधी जीभ उचलावी लागते. "जीभ वर करा. हां. थेंब हितं टाकायचा, जिभंखाली. लगीच गिळायचा न्हाय." गिऱ्हाईक बिचारं तोंड उघडं टाकून उभं. साखर राहते बाजूला.

जळकोटला हायवेलगत त्यांचं दुकान, त्याला चिकटून माझं मोबाईल दुरुस्तीचं. त्यामुळे सीबीडी तेलावरचं हे प्रवचन रोज माझ्या नशिबी. हे तेल भांगेच्याच जातीच्या झाडाचं. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात. "पर ह्यानं नशा चढत न्हाय. नशेचा अंश येगळा, ह्यो येगळा. भांग न्हाय, भांगेची भावकी म्हण." दुखण्याला, झोपेला, जिवाच्या घालमेलीला काहींना उतार पडतो, सगळ्यांना नाही. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच नाही. आप्पा हे सगळं इमानानं सांगतात, आणि दुकानात तेलाची एकही बाटली विकायला ठेवत नाहीत.

"मग सांगता कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सवय पायजे," म्हणाले, आणि डाळ जोखायला लागले.

कपाळाला विभूती, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, अशा माणसाला गावानं नाव ठेवलं गांजाप्पा. त्याचाही त्यांना राग नाही. "नाव तर घेत्यात लोकं," एवढंच म्हणतात.

घरी गुरम्माकाकू, त्यांची बायको. वर्षभरात त्या एकेक माणूस विसरत गेल्या. आधी नातवंडं, मग आप्पा. आप्पा जवळ गेले की 'ह्यो परका मानूस घरात कसा' म्हणून कालवा करायच्या, अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. झोप तर उडालीच. वैद्यानं झोपेसाठी हे तेल दिलं, आणि आठवण ह्यानं परत येणार नाही, हेही स्वच्छ सांगितलं.

परवा संध्याकाळी आप्पांचा दुरुस्त केलेला फोन घेऊन मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. उंबऱ्याबाहेर थांबून ते खाकरले आणि स्वतःच्याच घराला हाक दिली, "औषधवाले आलेत."

काकू सावरून बसल्या. जन्मभर जिला 'अगं' म्हटलं, तिला आप्पा म्हणाले, "बाई, जीभ वर करा." काकूंनी निमूट केली. औषधवाल्याला त्या शेजारी बसू देतात. दुकानातला सगळा सराव कशासाठी, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि फार वाईट वाटलं.

"लई मायाळू दिसता तुमी," थेंब जिरल्यावर काकू म्हणाल्या. "नाव काय म्हनायचं तुमचं?"

"शिवाप्पा."

काकूंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि मान खाली घातली. "मग तुमचं नाव म्या न्हाय घ्यायची. आमच्या मालकांचं नाव हाय ते."

आप्पांना बाटलीचं झाकण लावता येईना. शेवटी ते मी लावलं.