झडपराव सरदारांनी श्रावण पाळिला, त्याची बखर

श्रीलंबोदर समर्थ. ज्यांचे उदर विशाल आणि खाणारावर ज्यांचा राग नाही, त्यांचे चरणी मस्तक ठेवून, घडले ते घडले तैसेच लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण शुद्ध प्रतिपदा, भृगुवार, ते दिवशी राज्यात मोठा कल्लोळ जाहला, त्याची हकीकत ऐसीजे.

राज्य म्हणावे तर तीन खोल्यांचे आणि चौथी गॅलरी. गादीवर राजश्री दाजीसाहेब, परंतु स्वयंपाकघर, पंचांग आणि टीव्हीचा रिमोट ही तिन्ही ठाणी त्यांच्या भगिनी आत्यासाहेब भीमाबाई यांचे ताब्यात, आणि गॅलरीचा सुभा दाजीसाहेबांची कन्या वेणूबाईसाहेब, इयत्ता नववी, यांजकडे. त्या सुभ्यात वेणूबाईंनी वाढदिवसाचे निमित्ते एक परदेशी सरदार चाकरीस ठेविला. नाव व्हीनस फ्लायट्रॅप, पण ते आत्यासाहेबांचे जिभेवर बसेना, मग वेणूबाईंनीच त्यास झडपराव हा किताब दिधला. उंची वीतभरही नाही, परंतु पानापानाचे टोकास जबडा, जबड्यास कोवळे दात, आत लाली, आणि माशी शिरून आतल्या केसांस दोनदा शिवली की जबडा खटकन मिटलाच. सरदारांच्या खोडीही फार. खत चालत नाही, तांबडी माती चालत नाही, बोअरचे खारे पाणी तर विषच, ओल्या शेवाळात बसणार आणि पावसाचेच पाणी पिणार. वेणूबाई हे सारे स्वतः वाचून शिकल्या आणि भर वर्गात उभ्या राहून न अडखळता बोलल्याही. मागील साली ज्यांस 'हजर' म्हणताना घाम फुटे त्याच या, आणि वर्गाने टाळ्या पिटल्या, आणि तेव्हापासून चालण्यात जी ऐट आली ती आलीच.

तो प्रतिपदेस आत्यासाहेब तुळशीस पाणी घालावयास गॅलरीत आल्या आणि त्यांचे डोळ्यांदेखत झडपरावांनी एक निळी गलेलठ्ठ माशी मटकाविली.

"वेणे! अगं, आजपासून श्रावण! घरात कांदासुद्धा नाही, आणि हा मेला तुळशीला खेटून मांसाहार करतोय!"

"आत्या, झाड आहे गं ते."

"झाड असून असं? मग तर जास्तच वाईट!"

मग प्रकरण दाजीसाहेबांपुढे गेले आणि त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता निवाडा सांगितला, "जेवणावर झाकायची जाळी घाला त्याच्यावर. महिनाभर तोही पाळेल श्रावण. आणि वेणू, हा टिकला तर ठेव. मेला, तर पुन्हा असलं झाड घरात आणायचं नाही." वेणूबाईंनी निवाडा हसत मान्य केला, कारण त्यांस पक्के ठाऊक की ऊन हेच झडपरावांचे जेवण आणि माशी म्हणजे तोंडी लावणे, आणि लोणच्यावाचून आजवर कोणी मेले नाही.

पण आत्यासाहेबांचे काळीज म्हणजे लोणी. उपास करणारास फराळावाचून ठेवणे त्यांस पाहवत नाही. मग वेणूबाई शाळेस गेल्या की आत्यासाहेब दर सोमवारी हळूच जाळी उचलीत, आणि खिचडीतला साबुदाणा, मिरची वगळून, कूट झटकून, एकेका जबड्यात घालीत, आणि जबडा मिटला की म्हणत, "बघा, कसा भुकेजला होता!" आणि समाधानाने जाळी पुन्हा झाकीत.

पुढे थोडक्याच दिवसांत झडपरावांचे जबडे एकामागून एक काळे पडो लागले. वेणूबाईंचा जीव उडाला. पाणी तपासिले, ऊन तपासिले, जागा बदलली, काही उमगेना. शेवटी दातकोरण्याने एक काळा जबडा उघडिला, तो आतून बुरशीची दाढी आलेला पांढरा दाणा घरंगळून तळहातावर पडला.

"आत्या! हा साबुदाणा आहे!"

"हो मग! उपासाला चालतो."

"तू मारलंस त्याला!"

हे शब्द तोंडून गेले आणि परत घेता येईनात. आत्यासाहेबांचे हातातील उलथणे तैसेच राहिले, मग ते ओट्यावर ठेवून त्या आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी राज्यात टीव्ही लागला नाही. वेणूबाईंस दुहेरी दुःख जाहले. सड पार बुंध्यापर्यंत पोहोचली होती, सरदार जाणार हे उघड होते, आणि ते गेले की गॅलरीचा सुभाही गेला. मग एकाएकी वाचलेले आठवले, की हिरवे पान बुंध्याशी पांढऱ्या देठासकट निघाले, तर त्या देठातून नवे रोप फुटते. पण देठ तुटला तर सगळे फुकट, आणि वेणूबाईंनी ओढिले ते पहिलेच पान अर्ध्यात तुटले. मग आत्यासाहेबांचे खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्या, मी वाट्टेल ते बोलले. ये ना. तू मेथी निवडतेस तशी पानं काढायचीत, मला जमत नाहीये."

"मी हात लावू? पुन्हा?"

"तूच लाव."

मग आत्यासाहेबांनी चष्मा चढविला, आणि एका हाती बुंधा धरून उरलेली हिरवी पाने खालच्या अंगास अशी अलगद सोडविली की प्रत्येकास पांढरा देठ शाबूत. वेणूबाईंनी ती पारदर्शक डब्यात ओल्या शेवाळावर निजविली, झाकण लाविले, आणि डबा उजेडात पण उन्हाआड ठेविला. पुढे सर आली की आत्यासाहेब परात घेऊन कठड्याशी धावत आणि गाळलेले पाणी बाटलीत भरून ठेवीत. झडपराव मात्र खर्ची पडले. "गेला ना? कुंडी धुऊन ठेव आता," दाजीसाहेब म्हणाले. वेणूबाई म्हणाल्या, "बाबा, निकाल अजून लागायचाय." गौरी-गणपती होऊन गेले, भाद्रपद सरला, डब्यातील काही पाने सडली, उरलीही पिवळी पडत चालली.

आणि आश्विनात एके सकाळी, पायात शाळेचे बूट, पाठीस दप्तर, अशा वेणूबाई डब्यात डोकावल्या आणि त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून दाजीसाहेब गालाला साबणाचा फेस तैसाच घेऊन धावत आले.

"काय झालं? कुठाय? ही तर मोहरी आहे!"

"बाबा, चष्मा लावा!"

दाजीसाहेबांनी चष्मा लाविला, वाकून पाहिले आणि म्हणाले, "अगं, जबडा आहे याला!" आणि शेजारच्या देठाला दुसरा, पलीकडे तिसरा. वेणूबाई दप्तरासकट खालीच बसल्या, आणि हसू आणि रडू एकदमच आले.

"बाबा, पण तुमचा हुकूम?"

"हुकूम बाहेरून आणायच्या झाडाला होता. हे घरात जन्मलंय. त्याला कसा काढणार?"

मागून आत्यासाहेब पदराला हात पुसत आल्या. "जन्मलंय तर बारसं नको? आणि नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा! सरका." मग डब्यावर ओणवून त्या थबकल्या. "वेणे, नाव सांगायचं कानात. याचा कान कुठाय?"

"कान नाही गं त्याला. नुसतं तोंडच आहे."

"मग आपल्याच घरातलं," आत्यासाहेब म्हणाल्या आणि त्या मोहरीएवढ्या तोंडाशी ओठ नेऊन "कुर्रर्र" केले.

सारांश, सरदार पडले, परी वंश राहिला, सुभा राहिला, आणि राज्यात बोलणे-चालणे पूर्ववत होऊन टीव्ही लागला. वेणूबाईसाहेबांस ते दिवशी शाळेत उशीर जाहला, आणि कारण पुसता त्यांनी सर्वांसमक्ष खड्या आवाजात सांगितले की, घरी बारसे होते.