‘गेले’ या शब्दाची हकालपट्टी

“तरुण पोरं आपल्या बँकेकडे फिरकत नाहीत याचं कारण एकच! बँक त्यांच्याशी हेडमास्तरासारखी बोलते!”

असं म्हणून रंगारीने मीटिंगच्या टेबलावर अशी थाप मारली की साहेबांचा चहा बशीत उतरला. रंगारी म्हणजे बँकेच्या वेबसाइटचा डिझायनर. उठसूट साइटच्या पडद्याचे रंग बदलायचा, म्हणून ऑफिसात त्याचं हे नाव पडलं होतं. पंचेचाळिशी उलटलेली, केस मागे हटत चाललेले, पण आत्मविश्वास मात्र पोटासारखा रोज दोन बोटं पुढे!

“साइट माझ्यावर सोडा,” तो म्हणाला. “विशीतल्या पोराला वाटलं पाहिजे, बँकेने दोस्तासारखा खांद्यावर हात टाकलाय!”

साहेबांनी सोडली. तिथेच चुकलं.

रंगारीने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. “आपण”, “कृपया”, “सादर करा” असले सगळे शब्द त्याने झाडून बाहेर काढले आणि त्यांच्या जागी “रे”, “यार”, “चल” आणून बसवले. घरी कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिला त्याने मोठ्या हौसेने साइटचे नवे पडदे दाखवले.

“बाबा, हे असं कोण बोलतं?”

“तुमची पिढी!”

“चेष्टेत बोलतो. पैशांच्या बाबतीत नाही बोलत.”

“तुला डिझाइनमधलं काय कळतंय?”

विशीतल्या पोरांसाठी राबणाऱ्या माणसाने घरातल्या विशीतल्या पोरीला असं एका वाक्यात गप्प बसवलं.

साइट सुरू झाली. कोणी पैसे पाठवले की पडदा नारिंगी व्हायचा, रंगीत कागदाचे कपटे उधळायचे आणि मधोमध टपोरी अक्षरं यायची: “पैसे गेले रे!”

रंगारीच्या मनात अर्थ असा, की पैसे निघाले, आता निश्चिंत राहा. पण शुद्धीवर असलेल्या माणसाला ‘पैसे गेले’ म्हटल्यावर दुसरं काय कळणार? एका मुलाने खोलीचं भाडं पाठवलं आणि पडदा बघून तो जिन्यातच मटकन बसला. एका मुलीने कॉलेजची फी भरली. पैसे गेले! तिने घाबरून पुन्हा भरली. पुन्हा गेले! तिसऱ्यांदा भरताना तिचं खातंच आटलं. दुपारपर्यंत बँकेच्या दारात ही रांग! इतके तरुण बँकेत एकदम कधीच आले नव्हते. फक्त ते सगळे पैसे काढायला आले होते. धक्काबुक्कीत दाराची काच फुटली, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, आणि साहेबांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत ऐकू आला.

“तो ‘गेले’ शब्द काढ! साइटवर कुठेही दिसला, तर तूही गेलास!”

एकेक पान उघडून बघायला वेळ कुठला? त्याने एका फटक्यात हुकूम सोडला: जिथे जिथे ‘गेले’ असेल, तिथे ‘सुखरूप पोहोचले, आता मजा कर!’ मशीन बिचारं आज्ञाधारक. त्याने खरोखरच कुठेही ‘गेले’ शिल्लक ठेवलं नाही.

रांग ओसरली. साहेबांनी पाणी मागवलं. रंगारीला वाटलं, जिवावरचं शेपटावर निभावलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी त्याला शोधत वर आली. असेल बावीस-तेवीसची. ओरडली नाही, रडली नाही. टेबलावर फोन ठेवून म्हणाली, “हे तुम्ही लिहिलंत?”

खातेदार वारल्याची खबर घरच्यांनी साइटवर दिली की बँकेकडून एक मेसेज जायचा. तोही रंगारीनेच दोस्तीच्या भाषेत लिहिला होता: “तुझे वडील गेले, हे कळून आम्हाला वाईट वाटलं.” आता फोनवर होतं: “तुझे वडील सुखरूप पोहोचले, आता मजा कर!, हे कळून आम्हाला वाईट वाटलं.”

“हो,” रंगारी म्हणाला. “म्हणजे नाही. म्हणजे अर्धं मी आणि अर्धं मशीनने...”

“बाबा ट्रक चालवायचे,” ती म्हणाली. “माझा फोन स्वयंपाकघरात होता. बंद पडद्यावर मेसेजचे पहिले चारच शब्द दिसतात ना! तुझे वडील सुखरूप पोहोचले. आईने तेवढेच वाचले.”

रंगारीने फोन उचलून ती ओळ पुन्हा वाचली.

“अपघातात चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. आम्ही आईला दाखवलाच नव्हता. मी बाहेर आले तर ती तिघांचा स्वयंपाक करत होती. मला म्हणाली, मग ते कोण होतं गं? त्या बिचाऱ्याच्या घरी कोणी कळवलं का?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? बाबा गेले, हे तिला दुसऱ्यांदा सांगितलं.”

रंगारी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. माफीसाठी शब्द शोधू लागला. इतके दिवस शब्दांशी खेळला, पण आता एकही जवळ येईना!

“माफी राहू द्या,” मुलगी म्हणाली. “मला खातं बंद करायचंय. साइट म्हणते, खातेदाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो टाक यार. त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबरच चिरडला. आता काय करू?”

रंगारीने ते पान उघडलं. गुलाबी बटण, गोलाई सुरेख, सावली अगदी मऊ. त्या बटणाच्या रंगावर त्याने अख्खा आठवडा घालवला होता. ते दाबल्यावर माणूस कुठे जाऊन पोहोचतो, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

“चला,” तो म्हणाला. “मी स्वतः करून देतो.”

दोघं खाली आले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने साहेबांची सही मागितली, आणि साहेब तर फुटलेल्या काचेचा पंचनामा करण्यात गुंतलेले! रंगारी जिने चढला, जिने उतरला. ज्या बँकेत त्याचा जन्म गेला, तिथे एक साधं काम त्याला करवेना. मुलगी बाकावर हातात कागद धरून बसून होती. शेवटी वारसांच्या खिडकीसमोर त्यांचा नंबर लागला.

आतल्या बाईंनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. “तुम्ही मयताच्या कोण?”

“मुलगी.”

“आणि हे?”

रंगारी घाम पुसत पुढे झाला. “मी... आपल्या वेबसाइटचा.”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं.

“मग तुम्ही बाहेर थांबा,” त्या म्हणाल्या. “इथे फक्त कामाची माणसं.”